माजी विद्यार्थ्यांची बॅचवार बास्केटबॉल स्पर्धा: गोव्यात कशी भरवावी, दरवर्षी कशी टिकवावी

गोव्यात फुटबॉलची स्पर्धा भरवायला कुणाला शिकवावं लागत नाही. शेत कापून झालं, दोन गोलपोस्ट उभे राहिले, कर्णा लागला की वाड्यावाड्यावर चषक रंगतो. बास्केटबॉलचं तसं नाही. कोर्ट मोजक्या शाळांत, पंच त्याहून मोजके. त्यातून स्पर्धा माजी विद्यार्थ्यांची असली तर एका बाजूला पंचविशीतली पोरं आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या कितीतरी आधी शाळा सोडलेले, आता पन्नाशीला टेकलेले गृहस्थ. पहिलं वर्ष उत्साहात निभावतं. दुसऱ्या वर्षी जुन्या बॅचेस गळतात, तिसऱ्या वर्षी तरुणांचे तीन-चार संघ उरतात आणि मग स्पर्धाच थांबते.

म्हणून खाली जे सांगतो आहे, त्यातल्या प्रत्येक निर्णयाला मी एकच कसोटी लावली आहे: पंचेचाळीशीतला, पोट सुटलेला आणि यंदा हरलेला खेळाडू पुढच्या वर्षी परत येईल का? चॅम्पियन बॅच कशीही येतेच, तिची काळजी नको.

बॅच कुणाची, हे आधी कागदावर

सगळ्यात जास्त भांडणं फाउलवरून होतात असं लोकांना वाटतं. खरं तर ती 'हा आमच्या बॅचचा नव्हेच' यावरून होतात, आणि तीही उपांत्य सामन्याच्या दहा मिनिटं आधी. त्यामुळे पहिली बैठक फक्त याच विषयावर घ्या.

बॅच दहावीच्या वर्षावरून धरावी, इथवर सगळे सहमत असतात. पेच पुढे सुरू होतो. वडिलांची बदली झाली म्हणून नववीतच शाळा सोडलेला चालेल का? अकरावीला दुसऱ्या शाळेतून आलेला? एक वर्ष मागे राहिलेला? सुटसुटीत नियम असा: त्या वर्गाबरोबर निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष बाकावर बसलेला कोणीही त्या बॅचचा. दोन बॅचेसमध्ये बसत असेल तर त्याने एकदाच काय ते ठरवायचं, नोंदवहीत लिहायचं, मग बदल नाही. नापास झालेल्याला कुठे घालायचं हा विषय चारचौघांत चर्चेला घेऊच नका. त्याला बाजूला घेऊन विचारा आणि तो सांगेल ते लिहा. तीस वर्षांपूर्वीचा निकाल सभेत वाचला जाणार असेल तर तो माणूस कायमचा गेला समजा.

शाळा सोडल्याचा दाखला मागत बसू नका. यादीवर बॅचच्या प्रतिनिधीची सही पुरे. वाद झालाच तर शाळेचं जनरल रजिस्टर आहे. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलं तर ते कपाटातून काढून मिळतं.

प्रत्येक बॅचला दहा खेळाडू जमतीलच असं नाही. निम्मी मंडळी पुणे-बेंगळुरूला, काही आखातात, दोन-चार जहाजावर. अशा वेळी शेजारच्या दोन-तीन वर्षांना एकत्र करून एक संघ करू द्या. उसने खेळाडू घ्यायची मुभाही ठेवा, पण एका अटीवर: उसना खेळाडू वयाने मोठ्या बॅचमधूनच घ्यायचा, लहान बॅचमधून नाही. एवढ्या एका ओळीने 'राज्याकडून खेळलेला पोरगा पळवून आणला' ही तक्रार मुळातच संपते.

यादीत कमीत कमी आठ, जास्तीत जास्त बारा नावं. व्हॉट्सअॅपवरचं 'येतां रे' म्हणजे नोंदणी नव्हे. अर्धी प्रवेश फी जमा झाली की नाव पक्कं.

तारीख: सोयीची नको, पाठ होईल अशी

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घरी येतात म्हणून ती वेळ सुचवणारा कोणीतरी भेटतोच. त्याला आभाळ दाखवा. चवथ पावसात येते, कोर्ट उघड्यावर असतं आणि घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून कोण खेळायला येणार? नाताळच्या आठवड्यात माणसं येतात खरी, पण ख्रिस्ती वर्गमित्रांच्या घरचा तो सण, पर्यटकांनी रस्ते तुंबलेले आणि तिकिटांचे भाव आकाशाला भिडलेले. १९ डिसेंबरचा मुक्तिदिन राज्यभर सुटीचा असतो, पण त्याचा वार दरवर्षी बदलतो. बाहेरगावच्या माणसाला मधल्या बुधवारी सुटी असून उपयोग नाही. फेब्रुवारीनंतर परीक्षांचे दिवस, शाळा आवार द्यायला कचरते.

माझं मत जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारला आणि त्याला लागून येणाऱ्या रविवारला. संक्रांत बहुधा आटोपलेली असते, हवा बरी असते आणि मुख्य म्हणजे तारीख दरवर्षी नव्याने कळवावी लागत नाही. जहाजावरचा माणूस आपला करार त्याप्रमाणे बेतू शकतो. गावच्या जत्रेशी गाठ पडते का तेवढं मात्र पंचांगात बघून घ्या. जत्रेसमोर कोणतीही स्पर्धा उभी राहत नाही.

कोर्टाची डागडुजी

नावेलीचं मनोहर पर्रीकर इनडोअर स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया खेळांसाठी उभं राहिलं, म्हापशाला पेडे क्रीडासंकुल आहे, कांपाल आणि ताळगावलाही बंदिस्त सभागृहं आहेत. पैसे असतील आणि क्रीडा प्राधिकरणाकडून तारीख मिळाली तर तिथे खेळायला मजा येते. तरीही मी शाळेच्या सिमेंट कोर्टाच्याच बाजूचा आहे. माणसं खेळायला जितकी येतात तितकीच तो व्हरांडा, ती घंटा आणि ती पाण्याची टाकी बघायला येतात.

पण शाळेचं कोर्ट म्हणजे चार महिने पावसात भिजलेलं कोर्ट. ऑक्टोबरातच ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशने शेवाळ घासून काढा. तसंच राहिलं तर जानेवारीत ते सुकून काळं पडतं, दिसत नाही, आणि पाय मात्र बरोबर त्यावरच सरकतो. दुसरा शत्रू म्हणजे चिऱ्याची तांबडी धूळ. शेजारच्या मैदानावरून ती सतत येत राहते. कोरड्या झाडूने ती उडते आणि पुन्हा बसते, म्हणून रुंद ओला पोछा हवा, दर सामन्याआधी.

मग टेप घ्या. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असायला हवी. जुन्या कोर्टावर दोन-तीनदा सिमेंटचा थर चढलेला असतो, पण खांब तोच राहतो. परिणामी रिंग चार-पाच सेंटिमीटर खाली आलेली असते, तीही एकाच बाजूची. दोन्हीकडे मोजा. खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात. रिंगला हाताने लोंबकळून बघण्यापेक्षा वेल्डरला बोलावून बोल्ट बदलून घ्या. खांबाला जाड फोम बांधा, कारण लेअप मारून, म्हणजे धावत येऊन रिंगखालून चेंडू टाकून, थांबता न येणारे गडी आता तुमच्याकडे बरेच असणार आहेत.

रेषा आखताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. कोर्ट २८ बाय १५ मीटरचं आणि रेषेची रुंदी ५ सेंटिमीटर, हे पूर्वीचंच. पण २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा खाली रुंद होत जाणारा पट्टा सरळ आयत झाला. अनेक शाळांत अजून जुनीच आखणी आहे. दोन्ही आखण्या एकत्र दिसत असतील तर जुन्या रेषांवर करडा रंग फिरवा, नाहीतर प्रत्येक लांबच्या बास्केटला स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाकडे बघून दोन बोटं की तीन, असा वाद होणार.

वयाचं गणित

तरुण आणि ज्येष्ठ एकाच साखळीत घातले की ६२-१४ असे निकाल लागतात. त्यावर लोक उपाय सुचवतात: मोठ्या बॅचला सुरुवातीलाच दहा गुण द्या, पन्नाशीपुढच्याच्या बास्केटला एक गुण जास्त मोजा. ऐकायला बरं वाटतं, पण दयेचे दहा गुण घेऊन हरलेला माणूस जास्तच खट्टू होतो.

सरळ दोन गट करा. चाळिशीच्या आतल्या बॅचेस एका गटात, बाकीच्या दुसऱ्यात. ज्येष्ठांच्या गटात दोन वेगळे नियम लावा. पहिला, पूर्ण कोर्टभर प्रेस करायचा नाही, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यात गाठून दबाव टाकायचा नाही. चेंडू हातातून गेला की आपल्या अर्ध्यात परत यायचं आणि तिथेच बचाव करायचा. दुसरा, खेळ थांबेल तेव्हा कितीही खेळाडू बदलता येतील, टेबलाला सांगितलं की पुरे. या दोन नियमांनी धावपळ निम्म्यावर येते, सामने चुरशीचे होतात आणि शाळेत असताना पासिंग कुणाचं चांगलं होतं ते पुन्हा दिसायला लागतं.

मुलींच्या बॅचेसमधून पाच-पाच जणी जमणं पुष्कळदा कठीण जातं. त्यांच्यासाठी थ्री-एक्स-थ्री उत्तम. अर्धं कोर्ट, चार जणींचा संघ, त्यातल्या तिघी मैदानात. दहा मिनिटं संपेपर्यंत किंवा कोणीतरी २१ गुणांवर पोचेपर्यंत खेळ. तीन गुणांच्या रेषेच्या कमानीच्या आतून एक गुण, बाहेरून दोन. तासाभरात चार संघांचे उपांत्य आणि अंतिम सामने सहज होतात.

वेळापत्रक

समजा तरुणांचे चार संघ आणि ज्येष्ठांचे चार. तरुणांना साखळी द्या: सहा सामने आणि पहिल्या दोघांचा अंतिम. ज्येष्ठांना साखळी देऊ नका, दोन दिवसांत चार सामने त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. दोन उपांत्य, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन सामने नक्की. एक सामना हरून मुंबईची परतीची बस पकडायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.

एकूण अकरा सामने, एक कोर्ट, तासाला एक. तरुणांच्या संघांना अ, ब, क, ड म्हणू. शनिवारी दुपारी ३ ला अ-ब, ४ ला ज्येष्ठांचा पहिला उपांत्य, ५ ला क-ड, ६ ला दुसरा उपांत्य, ७ ला अ-क. रविवारी सकाळी ७ ला ब-ड, ८ ला ज्येष्ठांचा तिसऱ्या क्रमांकाचा, ९ ला अ-ड, १० ला ब-क. कुणालाही लागोपाठ दोन सामने येत नाहीत. ११ ते साडेतीन उन्हाची सुटी, मग मुलींचं थ्री-एक्स-थ्री. साडेचारला तरुणांचा अंतिम आणि साडेपाचला ज्येष्ठांचा.

हो, ज्येष्ठांचाच शेवटी. सगळ्यांत जास्त गर्दी शेवटच्या सामन्याला असते आणि ती कुणासमोर असायला हवी ते उघड आहे. शिवाय त्यांची मुलं-बायका तोवर थांबतात, त्यामुळे बक्षीस समारंभ रिकाम्या खुर्च्यांसमोर होत नाही.

शनिवारचा शेवटचा सामना रात्री ८ च्या पुढे जाऊ देऊ नका. जानेवारीत गोव्यात दव पडतं, फोंडा-सत्तरीच्या बाजूला तर भरपूर. सिमेंट कोरडं दिसतं पण बुटांचा आवाज बदलतो, चेंडू हातातून निसटू लागतो. पंचाला तेव्हा सामना थांबवायचा अधिकार आहे, हे कर्णधारांना आधीच सांगा आणि टेबलाशी जुने टॉवेल ठेवा.

संघ सात असतील तर ज्येष्ठांत एकाला बाय द्या, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत घ्या, चिठ्ठी सगळ्यांसमोर टाका. दहाच्या वर गेले तर दुसरं कोर्ट शोधा.

खेळाचे नियम, जुन्या खेळाडूंना समजतील असे

आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि घड्याळ प्रत्येक शिट्टीला थांबतं. आपल्याला ते परवडत नाही. तरुणांना आठ, ज्येष्ठांना सात मिनिटांचे क्वार्टर, घड्याळ चालूच. ते टाइमआउटला, फ्री थ्रोला (फाउलबद्दल मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकीला) आणि शेवटच्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबवायचं. मध्यंतर पाच मिनिटं. बरोबरी झाली तर तीन मिनिटांचा जादा वेळ.

पाच फाउलला खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला दोन फ्री थ्रो. साखळीत विजयाला दोन गुण, पराभवाला एक, न आलेल्याला शून्य. दोघांची बरोबरी असेल तर आपसातला निकाल. तिघांची असेल तर त्या तिघांच्या आपसातल्या सामन्यांतला गुणफरक, पण एका सामन्याचा फरक १५ पेक्षा जास्त धरायचा नाही. ही शेवटची अट नियमपुस्तकात नाही, आपली आहे. कमकुवत संघाला उगाच चेचण्याची गरज तिच्यामुळे उरत नाही.

शनिवारी पहिल्या सामन्याआधी कर्णधारांची बैठक घ्या आणि नियम तोंडी वाचून दाखवा. कारण बघा: तीन गुणांचं बास्केट आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ मध्ये आलं. त्याआधीच्या बॅचेस त्याशिवायच खेळल्या. वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ जाऊन चार क्वार्टर २००० मध्ये आले आणि चेंडू मिळाल्यावर रिंगकडे फेकायची मुदतही तेव्हाच ३० सेकंदांवरून २४ सेकंदांवर आली. म्हणजे १९८० ची बॅच, १९९५ ची बॅच आणि २०१५ ची बॅच तीन वेगळे खेळ शिकून आलेल्या आहेत. २४ सेकंदांचं यंत्र शाळेत बहुधा नसतंच, तेव्हा ते सोडा. कोणी चेंडू दाबून वेळ काढू लागला तर पंचाने मोठ्याने दहा मोजावेत.

मारामारी केली तर खेळाडू उरलेल्या स्पर्धेतून बाहेर. यावर अपील नाही.

पंच आणि टेबल

पंच बाहेरचे आणा, राज्य संघटनेकडे विचारणा करून, दर सामन्याला दोन. माजी विद्यार्थी कितीही जाणकार असला तरी त्याच्या हातात शिट्टी देऊ नका. पहिल्याच वादग्रस्त फाउलला 'तो त्यांच्या बॅचचा' हे ऐकावं लागतं. मानधन आधी ठरवा, पाकिटात घालून शेवटच्या शिट्टीनंतर लगेच द्या, आणि जेवणाचं विचारा. पंच उपाशी ठेवून स्पर्धा चालवणारे लोक मी पाहिले आहेत, दुपारनंतरच्या शिट्ट्या तशाच येतात.

टेबलावर शाळेतली आताची मुलं बसवा: एक स्कोअरशीटवर, एक त्याच्या मदतीला फलकावर, एक घड्याळावर, एक पाणी-टॉवेलला. आधीच्या आठवड्यात अर्धा दिवस सराव पुरे. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं किंवा काळं, ही साधी पद्धत पाळली तरी नंतर चूक कुठे झाली ते पटकन सापडतं. वेळापत्रकात ज्याचं नाव आधी त्याने फिकट रंगाची जर्सी घालायची. बॅचेस हौसेने जर्सी शिवतात आणि सगळ्यांनाच गर्द निळा हवा असतो, तेव्हा हे महिनाभर आधी कळवा.

शरीर ऐकेल इतपतच

चाळिशीपुढच्या माणसाचा धोका मनगटाला नसतो, छातीला आणि टाचेला असतो. नोंदणीच्या फॉर्मवर रक्तगट, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या आणि घरच्यांचा फोन एवढं मागाच. डॉक्टरांकडून तपासून घेतल्याची सही मागितली तर कुरकुर होते. होऊ द्या. प्रत्येक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत दोन-चार डॉक्टर असतात. त्यातल्या एकाला दोन्ही दिवस खेळाडू म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून बसवा. १०८ ची रुग्णवाहिका फाटकातून आत कोर्टापर्यंत येते का, वाट दुचाक्यांनी अडली आहे का, हे सकाळीच बघा. छातीवर दाब द्यायचं तंत्र टेबलावरच्या मुलांना शिकवून ठेवा: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता.

टाचेमागची शीर तुटते ती बहुधा वर्षभर न खेळलेल्या माणसाची, एकदम उसळी मारताना. त्यामुळे डिसेंबरच्या सुरुवातीपासून रविवारी सकाळी सरावासाठी कोर्ट खुलं ठेवा.

आणि बूट. कॉलेजात घेतलेले, माळ्यावर जपून ठेवलेले बूट घेऊन कोणीतरी येतोच. गोव्याच्या दमट हवेत तळव्याचा फोम आतून कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि दुसऱ्या मिनिटाला तळवा चपलेसारखा लोंबतो. बूट आधी हाताने वाकवून बघायला सांगा. भेग दिसली तर तो टाकायचा.

पाण्याचे वीस लिटरचे जार, स्टीलचे पेले आणि मीठ घातलेलं कोकम सरबत. सकाळी भाजीपाव, पातळ भाजीसकट, पण सामन्याआधी एक प्लेट आणि नंतर दोन. दारू शाळेच्या आवारात अजिबात नाही, बक्षीस समारंभानंतर जे काय करायचं ते बाहेर.

पैसे

खातं माजी विद्यार्थी संघटनेच्या नावाचं, दोन सह्यांचं. कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर वर्गणी घेऊ नका, तो माणूस कितीही सरळ असला तरी. मोठा खर्च पंच, मांडव-खुर्च्या, जेवण आणि कोर्टाच्या डागडुजीचा. डागडुजीचा खर्च प्रवेश फीतून काढू नका. त्यासाठी एखाद्या बॅचला तिच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त गळ घाला, फलकावर नाव लावा. बीअर आणि कॅसिनोवाले पुरस्कर्ते विचारायला येतील, गोव्यात येतातच. आवार शाळेचं आहे, तेव्हा नाही म्हणा.

बक्षिसांवर उधळू नका. विजेत्यांना प्लास्टिकच्या सोनेरी बाहुल्यांऐवजी पितळेची समई द्या, ती घरात वापरली तरी जाते. फिरता चषक शाळेच्या कपाटातच राहू द्या, कुणाच्या घरी गेला की परत येताना त्याच्यावर बुरशी आणि सबबी दोन्ही चढलेल्या असतात. कर्ण्याचा परवाना आधी काढा आणि आवाज आवारापुरता ठेवा.

सोमवारपासून पुढे

आठवडाभरात हिशेब पावत्यांसकट सगळ्या बॅच प्रतिनिधींना पाठवा, उरलेली रक्कम शेवटच्या ओळीत. स्कोअरशीट स्कॅन करून ठेवा. पाच वर्षांनी लोक त्यावरूनच वाद घालायला येतील आणि तो वाद हवाच आहे. हरलेल्या ज्येष्ठ बॅचच्या प्रतिनिधीला स्वतः फोन करा, मेसेज नको. काय खटकलं ते विचारा, वहीत लिहा आणि ऑगस्टच्या बैठकीत त्या वहीनेच सुरुवात करा. पुढच्या जानेवारीच्या तारखेचं पत्र शाळेला मे महिन्याच्या सुटीआधी द्या आणि त्याच फेरीत जाळ्या उतरवून घ्या, रिंगच्या बोल्टना ग्रीस लावा, फोम काढून कोरड्या खोलीत टाका.